चार हस्तलिखित दिवाळी अंक, ३२४ पानं : प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२४

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं, चाकरमानी परत जायला लागले. जायच्या आधी वाचनालयात सगळे एकत्र बसलो, ते याच कामासाठी. गावातल्या मुलामुलींनी १९७८, १९७९, १९८१ आणि १९८३ साली दिवाळीला हस्तलिखित अंक काढले होते. प्रत्येक अंकाची एकच प्रत, ती आठ-आठ दिवस घरोघरी फिरायची. या चारही प्रती वाचनालयाच्या लोखंडी कपाटात सापडल्या. १९८१ च्या अंकाची शिवण सुटून तावांचा नुसता गठ्ठा उरलाय. १९७८ च्या कडा कसरीने खाल्ल्यात. कोकणातली हवा अशीच राहिली तर आणखी दहा पावसाळे हे कागद टिकतील असं मला वाटत नाही.

करायचंय ते असं : प्रत्येक पानाचा फोटो काढायचा, एका अंकाची एक पीडीएफ बांधायची आणि ती लिहिणाऱ्यांच्या घरी पोचवायची. अंकात लिहिणारे बरेच जण हयात आहेत. कायद्याने लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं वारसांकडे राहतो, तेव्हा 'जुनं आहे, टाकून देऊ नेटवर' हे चालणार नाही. प्रत्येकाला विचारायचं. आज अकरा जणांनी जागेवरच होकार दिला. बाकीच्यांची यादी ग्रंथपाल काकूंनी केली, फोन मी करायचे.

एक गोष्ट आजच ठरवली. मागे शाळेच्या कामासाठी मी एका फुकट संकेतस्थळावर फोटो चढवून पीडीएफ करून घेतली होती. तिथे पानांवर त्यांचा शिक्का उमटला. ते एक वेळ चाललं असतं, पण फोटो परक्याच्या यंत्रावर गेले ते गेलेच. लोकांनी अजून परवानगीही न दिलेल्या कविता तशा पाठवायच्या नाहीत. सगळं काम मुक्त सॉफ्टवेअर वापरून माझ्याच लॅपटॉपवर, इंटरनेट बंद ठेवूनही होईल असं करायचं. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी मेमरीचा, त्यावर लिनक्स मिंट.

१५ सप्टेंबर

१९७८ चा अंक झाला. ७६ पानं.

जागा पडवीची. सकाळी नऊ ते अकरा तिथे थेट ऊन नसतं, उजेड मात्र सारखा असतो. खाली काळी सुती चादर, वर तिवईला उलटा बांधलेला फोन, फ्लॅश बंद, दोन सेकंदांचा टायमर. आधी पान सपाट राहावं म्हणून काच ठेवून पाहिली, पण तिच्यात पडवीचे वासे दिसायला लागले. काच काढली आणि लाकडी पट्ट्या ठेवल्या. त्या फक्त कडेला, अक्षरावर नाही.

फोटो ४००० गुणिले ३००० बिंदूंचा येतो. फुलस्केप ताव साडेतेरा इंच लांब, त्याच्या भोवती बोटभर चादर दिसते, म्हणजे इंचाला साधारण २६० बिंदू पडतात. पेन्सिलीच्या फिकट रेघाही वाचता येतात. चादरीची कड मी छाटणार नाही. कागद कुठे संपतो ते दिसलं की पान अपुरं घेतलेलं नाही याची वाचणाऱ्याला खात्री राहते.

काकूंचा भाचा पानं उलटायला होता. दहावीतला मुलगा, हात कोरडे ठेवायचे हे त्याला एकदाच सांगावं लागलं.

१८ सप्टेंबर

पहिला प्रयत्न फसला. कारण समजलं, म्हणून लिहून ठेवते.

इमेजमॅजिक हे चित्रांवर काम करणारं मुक्त सॉफ्टवेअर यंत्रावर आधीपासून होतं. त्याच्या 'कन्व्हर्ट' कमांडला सगळे फोटो देऊन शेवटी पीडीएफचं नाव दिलं. सुरक्षा धोरणानुसार पीडीएफला परवानगी नाही, असा निरोप आला. इमेजमॅजिक पीडीएफसाठी ज्याच्यावर विसंबतं त्या घोस्टस्क्रिप्टमध्ये २०१८ साली सुरक्षेच्या त्रुटी सापडल्या, तेव्हापासून उबुंटूच्या कुळातल्या लिनक्स वितरणांनी (मिंट त्यातलंच) ही वाट बंद ठेवली आहे. धोरणाच्या फाइलमधली ती एक ओळ बदलली, तर आता मेमरीची मर्यादा संपली म्हणून पुन्हा नकार.

कागदावर हिशोब मांडला तेव्हा उलगडा झाला. इमेजमॅजिक प्रत्येक फोटो आधी पूर्ण उलगडतं. एका फोटोत १ कोटी २० लाख बिंदू, एका बिंदूला ८ बाइट, म्हणजे एक पान ९६ एमबी. अशी ७६ पानं एकदम धरायची तर ७.३ जीबी लागतात. माझ्याकडे ४ आहेत. आणि एवढं करूनही ते प्रत्येक फोटो पुन्हा जेपेग करून पीडीएफमध्ये घालतं. प्रत्येक फेरीत थोडी झीज होते, बारीक अक्षराच्या कडा आधी फुटतात. मला फोटो नुसते एकामागे एक शिवायचे आहेत. ते पुन्हा रंगवायला कोण सांगतंय? धोरणाची ओळ होती तशी करून ठेवली.

१९ सप्टेंबर

हवं ते सापडलं : आयएमजी-टू-पीडीएफ. पायथॉनमध्ये लिहिलेलं छोटं मुक्त सॉफ्टवेअर आहे, मिंटच्या भांडारातच मिळतं. पीडीएफच्या आत जेपेग जशीच्या तशी ठेवायची सोय मुळातच आहे, आणि हे सॉफ्टवेअर तेवढंच करतं : फोटो न उलगडता त्याभोवती पानाची चौकट बांधतं. कमांडही साधी. नाव, चित्रांची यादी, मग उणे चिन्हासह ओ अक्षर आणि तयार फाइलचं नाव. ७६ पानं काही सेकंदांत झाली. फोटो मिळून ३११ एमबी होते, पीडीएफही ३११ एमबी.

उघडली तर प्रत्येक पान १४१ सेंटिमीटर लांब आणि १०६ रुंद! फोनने फोटोत 'इंचाला ७२ बिंदू' असा ठोकळ आकडा लिहून ठेवला होता आणि सॉफ्टवेअरने त्यावर विश्वास ठेवला. ४००० भागिले ७२, साडेपंचावन्न इंच. पडद्यावर कुणाच्या लक्षात आलं नसतं, छपाईला दिलं असतं तर घोळ झाला असता. पानाचा आकार २१६ गुणिले ३४३ मिलिमीटर, म्हणजे फुलस्केप, असा सांगून पुन्हा केली. बिंदूंना धक्का लागत नाही, फक्त पानाचं माप बदलतं.

खात्री करायला पॉपलर संचातल्या पीडीएफ-इमेजेसने पीडीएफमधून फोटो परत बाहेर काढले आणि मूळ फोटोंशी शा-२५६ बेरजा (फाइलच्या बाइटांवरून काढलेला तिचा ठसा) ताडून पाहिल्या. ७६ पैकी ७६ जुळल्या. एकाही बाइटचा फरक नाही. आज शांत झोप लागेल.

२२ सप्टेंबर

१९७९ (८८ पानं) आणि १९८३ (६४ पानं) झाले. मधे दोनदा वीज गेली, पण उजेड दिवसाचा होता म्हणून अडलं नाही.

फोन जमिनीकडे तोंड करून बांधला की वर-खाली कुठलं ते त्याला ठरवता येत नाही. त्यामुळे काही पानं आडवी, काही उलटी आली. फोटो फिरवून पुन्हा जतन केला तर पुन्हा तीच झीज. उपाय असा की फोटोच्या आतल्या माहितीत दिशेचा एक आकडा असतो : १ म्हणजे सरळ, ३ म्हणजे उलटं, ६ आणि ८ आडवे. ही माहिती बदलणाऱ्या एक्झिफटूल या साधनाने तेवढाच आकडा बदलला. पीडीएफ बांधताना तो वाचला जातो आणि पान उभं राहतं.

१९७९ च्या अंकात पान ५२ नंतर एक गोष्ट तुटते. बैलाचा शर्यतीतला पाय मोडतो आणि पुढच्या पानावर एकदम पाककृती. शिवण मात्र शाबूत दिसते. नोंद करून ठेवली.

२५ सप्टेंबर

भाच्याने विचारलं, "ताई, फोटो कुठे काढला हे पण आत असतं ना?" असतं. पीडीएफमधून बाहेर काढलेल्या फोटोत आमच्या पडवीचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे निघाले. आयएमजी-टू-पीडीएफ काहीच बदलत नाही, तेव्हा तेही बदललेले नव्हते. मी ज्या गुणासाठी ते निवडलं त्याचीच ही दुसरी बाजू.

एक्झिफटूलने फक्त जीपीएसचा भाग पुसला. सगळीच माहिती पुसली असती तर परवा नीट केलेला दिशेचा आकडाही गेला असता. मूळ फोटो वेगळ्या डिस्कवर हात न लावता ठेवलेत. वाटायच्या पीडीएफ पुसलेल्या प्रतींपासून बनतील.

२८ सप्टेंबर

१९८१ चा गठ्ठा. ४८ ताव, पाठपोट ९६ पानं. आज फक्त फोटो काढले, ज्या क्रमाने ताव हातात आले त्या क्रमाने.

२९ सप्टेंबर

आजचा दिवस सगळ्यात मोठा गेला. संगणक आज जवळजवळ लागलाच नाही.

पहिल्या बारा पानांवर आकडे आहेत, पुढे लिहिणाऱ्यांनी सोडून दिलेत. अनुक्रमणिका आहे, पण तीत फक्त नावं, पान क्रमांकाची जागा कोरी. बहुतेक शेवटी भरायचे होते आणि दिवाळी आली. एका लेखाचं पान दुसऱ्या लेखाच्या पानासारखंच दिसतं, कारण अक्षर एकाचंच आहे. तेव्हाचे संपादक काका सगळा अंक स्वतः सुवाच्य करायचे.

मग कागदच बोलायला लागले. अंकाला शिवणीच्या आधी टाचण्या लावल्या होत्या, त्यांचा गंज शेजारच्या पानावर उतरलाय. दोन तावांवरचे गंजाचे डाग समोरासमोर धरले की जोडी पटते. डागाचा आकारही पानागणिक लहान होत जातो, म्हणजे टाचणीचं टोक कुठे होतं ते कळतं. काही ठिकाणी शाई ओली असताना पान मिटलेलं, त्यामुळे समोरच्या पानावर अक्षरं उलटी उमटलीत. फोटो आरशासारखा फिरवून पडद्यावर पाहिला तर 'श्रावणात' एवढा शब्द लागला, आणि त्या शब्दाचं पान आठ तावांखाली होतं. एका ठिकाणी पाण्याचा डाग सात पानांतून झिरपलेला, वरून खाली फिका होत गेलेला. तो तर नकाशाच झाला. राहिलेल्या जागी वाक्य जुळवायचं : इकडे 'आणि तेवढ्यात' संपतंय, तिकडे 'एस.टी. सुटली' सुरू होतंय.

संध्याकाळपर्यंत ४५ ताव लागले. दोन जाहिरातींचे, गावातल्या दुकानांच्या हाताने रंगवलेल्या जाहिराती, ते शेवटी ठेवले, कारण इतर तिन्ही अंकांत त्या शेवटीच आहेत. उरलेला एक ताव अडला. एका बाजूला बैलाचं रेखाचित्र, दुसऱ्या बाजूला एका गोष्टीच्या शेवटच्या सात ओळी. त्यावर गंजाचा डाग नाही. डावीकडे फिकट लाल समासरेघ आहे, ती इतर तावांवर नाही. अर्थ लागतो म्हणून शेतकऱ्याच्या गोष्टीमागे ठेवलाय. मनाला पटलेलं नाही.

३ ऑक्टोबर

आज घटस्थापना. संध्याकाळी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. काकूंनी वाचनालयात पेढे वाटले. मी पेढा हातात घेऊनच यादी लिहीत बसले होते.

यादीबद्दल सविस्तर लिहिते, कारण या कामात मला सापडलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच.

पीडीएफ बांधणारी साधनं फोटो नावाच्या क्रमाने उचलतात. म्हणून लोक फायलींची नावं बदलतात. नुसते १, २, ३ दिले तर १ नंतर १० येतो, ११ येतो, मग २. ते टाळायला ००१, ००२ लिहायचं. इथपर्यंत ठीक. पण १९८१ चा क्रम माझा अंदाज आहे. उद्या एक ताव मधे घालावा लागला तर पुढची सगळी नावं बदलायची. दोनदा असं झालं की कुठला फोटो कुठल्या तावाचा याचा पत्ता लागणार नाही.

म्हणून नावं बदललीच नाहीत. फोटो ज्या नावाने आला त्याच नावाने राहील. क्रम एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये : एका ओळीवर एक फोटो, वरून खाली वाचायच्या क्रमाने. आणि ज्या ओळी चौकटचिन्हाने सुरू होतात त्या माझ्या टिपा. बांधताना ओळी निवडणाऱ्या ग्रेप या कमांडने टिपा गाळायच्या, उरलेली नावं आयएमजी-टू-पीडीएफला द्यायची. चूक सापडली की एक ओळ उचलून दुसरीकडे ठेवायची आणि कमांड पुन्हा चालवायची.

टिपा अशा : '# ताव २२ आणि २३ : गंजाचे डाग जुळतात, वरचा मोठा'. '# ताव ३१ ब : आरशातलं श्रावणात, समोर ताव ३२ अ'. '# ताव ४६ : गंज नाही, समास लाल, कागद वेगळा? इथे फक्त अर्थावरून'. पुढे कुणाला माझा क्रम पटला नाही तर तो का लावला हे त्याला दिसेल, आणि बदलताही येईल.

चारही अंकांच्या याद्या आज पूर्ण. ७६, ८८, ९६, ६४. एकूण ३२४.

६ ऑक्टोबर

फोन. १९८१ च्या अंकात सोळा वर्षांच्या मुलीने लिहिलेली एक कविता आहे. ती मुलगी आता वसईला राहते, नातवंडं आहेत. त्यांनी फोनवरच पूर्ण कविता म्हणून दाखवली, मधे एकदा थांबल्या. मग म्हणाल्या, "घरातलं होतं गो ते. माझ्यासाठी ठेव, सगळ्यांना नको."

त्यांचं म्हणणं शिरसावंद्य. दोन याद्या केल्या. पूर्ण यादी वाचनालयाच्या कपाटातल्या प्रतीसाठी. दुसरीत त्या ओळीसमोर चौकटचिन्ह, आणि त्या जागी एक टंकलेलं पान : 'ही कविता कवयित्रीच्या इच्छेनुसार इथे दिलेली नाही.' पान नुसतं वगळलं असतं तर पुढे कुणाला वाटलं असतं की ताव हरवला. त्याच तावाच्या पाठीवर दुसऱ्याचा लेख आहे. तिकडून कवितेची शाई पारदर्शक दिसते का तेही पाहिलं, फोटो फिरवून, गडद करून. वाचता येत नाही.

त्यांना कवितेच्या पानाचा फोटो वेगळा पाठवला.

१० ऑक्टोबर

३११ एमबीची फाइल कुणाच्या फोनवर धड उघडणार नाही. वाचायची हलकी प्रत हवी.

घोस्टस्क्रिप्टच्या 'ईबुक' मांडणीतून काढून पाहिली. फाइल छान लहान होते, पण रंगीत पेन्सिलीची चित्रं चिखलासारखी दिसायला लागली. त्यापेक्षा फोटोच आधी लहान करावेत : लांब बाजू २००० बिंदू, जेपेगचा दर्जा ८०, मग तीच यादी, तीच कमांड. १९७८ चा अंक २९ एमबी झाला. चित्रं चांगली राहिली.

हे काम इमेजमॅजिकच्याच मॉग्रिफायने केलं. ते एकेक फोटो घेतं, म्हणून मेमरी पुरते. पण त्याला वेगळा फोल्डर सांगितला नाही तर ते मूळ फोटोवरच लिहितं आणि विचारतही नाही. मूळ प्रती दुसऱ्या डिस्कवर असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

स्कॅन टेलरही लावून पाहिलं. छापील पुस्तकासाठी उत्तम आहे : पान सरळ करतं, समास सारखे करतं, काळं-पांढरं करून फाइल एकदम हलकी करतं. पण इथे काळं-पांढरं केल्यावर लाल शाईतली शीर्षकं तुटली आणि पेन्सिल गायब झाली. सोडून दिलं.

१३ ऑक्टोबर

अंकात शोध घेता यावा ही काकूंची इच्छा. चित्रातली अक्षरं ओळखून पानामागे मजकूर घालणारं ओसीआर-माय-पीडीएफ, टेसरॅक्ट या अक्षर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मराठी भाषासंचासह, दोन पानांवर चालवलं. छापील मराठी ते बऱ्यापैकी वाचतं. आमच्या हस्ताक्षराचं मात्र अक्षरांचं पीठ झालं. चुकीचा मजकूर पानामागे लपवून ठेवण्यापेक्षा तो नसलेला बरा.

त्याऐवजी प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका लिब्रेऑफिसमध्ये टंकली : शीर्षक, लिहिणारा, पान. अनुक्रमणिका दोन पानांची, तिची पीडीएफ क्यूपीडीएफने अंकाच्या पुढे जोडली. निदान नावं तरी शोधता येतील. मग पीडीटीकेने प्रत्येक लेखाला खुणा दिल्या, म्हणजे बाजूच्या पट्टीत नाव दाबलं की थेट ते पान. यात तीन ठेचा लागल्या. पीडीटीकेची युटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) वाली कमांड वेगळी आहे, ती वापरली नाही तर देवनागरीचा कचरा होतो. खुणा आधी देऊन मग पानं जोडली तर रिकाम्या फाइलपासून जोडताना खुणा गळतात, म्हणून खुणा सगळ्यात शेवटी. आणि पुढे दोन पानं आली की प्रत्येक खुणेचा आकडा दोनने पुढे जातो. मी विसरले होते, भाच्याच्या लक्षात आलं.

२० ऑक्टोबर

पूर्ण प्रती दोन डिस्कवर, एक वाचनालयात, एक माझ्याकडे. शा-२५६ बेरजांची फाइल सोबत. याद्याही सोबत, त्या सगळ्या मिळून काही केबीच्या आहेत.

२७ ऑक्टोबर

संपादक काकांच्या घरी गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे ते गणपतीत येऊ शकले नव्हते. लॅपटॉप ओटीवर ठेवला. १९८१ चा अंक त्यांनी एकेक पान करून पाहिला, दीड तास. स्वतःच्या अक्षरावर बोट ठेवून वाचत होते. बैलाच्या चित्रावर थांबले.

"अगो, हा इथला नाही. हा एकोणऐंशीचा."

"काका, कशावरून?"

"लाल समासाचे ताव त्याच वर्षी आणले होते, देवरुखातून. नंतर परवडले नाहीत. मागच्या ओळी वाच बघू."

मी सात ओळी वाचल्या. तिसऱ्या ओळीला त्यांनी पुढचं वाक्य पाठ म्हटलं. शर्यतीतला बैल. तुटलेली गोष्ट. ताव शिवणीतून अलगद निसटला असणार, आणि कपाटात हाताशी असलेल्या सुट्या गठ्ठ्यात कुणीतरी तो जपून ठेवला असणार.

तिथेच बसून दोन ओळी एका यादीतून उचलल्या, १९७९ च्या यादीत ५२ नंतर ठेवल्या. टीप बदलली : '# ताव ४६ : १९७९ चा. लाल समास, संपादक काकांनी ओळखला'. खुणांचे आकडे सुधारले. दोन्ही अंक पुन्हा बांधले. आता १९७९ ची पानं ९०, १९८१ ची ९४, एकूण ३२४ च.

काकांनी गोष्ट पहिल्यापासून वाचायला मागितली. उद्या वसुबारस. मूळ ताव मलमलीत गुंडाळून, वेखंडाची पुरचुंडी घालून कपाटात ठेवायचे आहेत, तेवढं राहिलंय.